लिफ्ट बंद करणाऱ्या उमेदवाराचे नाव यादीत परत घेण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य मार्गदर्शन अधिकारी,
अभियंता रोजगार मार्गदर्शन केंद्र

विषय : माझ्या वहिनीचे यादीतून वगळलेले नाव पूर्ववत घेऊन वर्तणुकीचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, शेरा 'मुलाखतीच्या ठिकाणी गैरवर्तन'.

महोदय,

सदर अर्जदार ही उमेदवाराची सख्खी नणंद असून त्या दिवशी सोबत गेली होती. घडलेला प्रकार डोळ्यांदेखतचा आहे; ऐकीव काही नाही.

१. उमेदवार (यापुढे 'वहिनी') ही यांत्रिकी अभियंता असून लिफ्टच्या तपासणीचे काम करीत असे. मुलाच्या दीर्घ आजारपणात नोकरी सुटली. मुलगा बरा झाला, नोकरी मात्र परत मिळेना. जिथे जावे तिथे 'मधली वर्षं काय केलंत?' हाच प्रश्न. म्हणून तिने आपल्या केंद्रात नाव घातले. आपण मार्गदर्शन केले की, हसतमुख राहावे, विचारले तेवढेच बोलावे, आणि समोरच्या कंपनीतले दोष चुकूनही काढू नयेत. वहिनीने हे मनापासून घोकले. आरशासमोर हसण्याचा सरावही केला. तिला पाहून माझा भाऊ म्हणाला, "अगं, नोकरी मागायला चाललीस की दात दाखवायला?" त्यावर ती खरोखर हसली, घरात पुष्कळ दिवसांनी.

२. मुलाखत सहाव्या मजल्यावर होती. अर्जदार खाली बाकावर बसली. वहिनी लिफ्टने एकटीच वर गेली आणि लगेच जिन्याने धावत खाली आली. चेहरा पांढराफटक. म्हणाली, "ताई, लिफ्ट मजल्याच्या वीतभर वर जाऊन थांबली. ब्रेक धरत नाहीये. मी एकटी होते म्हणून दोराच्या दुसऱ्या टोकाच्या वजनाने वर ओढली गेली, माणसांनी भरली तर खाली सुटेल." तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. वरच्या मजल्यांवर माणसे लिफ्टसाठी जमल्याचा गलका जिन्यातून ऐकू येऊ लागला. वहिनीने पहारेकऱ्याला लिफ्ट बंद करायला सांगितले. "साहेबांना विचारून येतो," असे म्हणून तो जागेवरच उभा राहिला. मग लिफ्ट रिकामी असल्याची खात्री करून तिने स्वतः मीटरच्या खोलीत जाऊन मुख्य स्विच खाली पाडला. आपल्याकडील तक्रारीत ज्याला 'तोडफोड' म्हटले आहे ते एवढेच.

३. एचआरचे साहेब सहा मजले उतरून आले ते धापा टाकतच. "तुम्ही मुलाखतीला आलात की इमारत बंद पाडायला?" वहिनीने आपला सल्ला त्याही वेळी पाळून पाहिला, म्हणजे ती हसली. त्याने साहेब अधिकच भडकले. त्यांनी पहारेकऱ्याला स्विच पुन्हा चालू करायला फर्मावले. तेव्हा वहिनी मीटरच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "साहेब, नोकरी देऊ नका. पण या लिफ्टमध्ये माणूस घालू नका."

"बाजूला व्हा, नाहीतर पोलीस बोलावतो."

"बोलवा. ते येईपर्यंत तरी कुणी बसणार नाही."

महोदय, त्या क्षणी अर्जदाराला वाटले, हिचा हात धरावा आणि घरी न्यावे. घर भावाच्या एकट्याच्या पगारावर चालते. हातातोंडाशी आलेला घास ती स्वतःच्या हाताने लोटत होती. अर्जदार उठली, आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. का, ते सांगता येणार नाही.

४. अखेर लिफ्टच्या देखभालीचा मेकॅनिक आला. त्याने वहिनीचे ऐकून घेतले. तिच्या सांगण्यावरून वर थांबलेल्या लिफ्टमध्ये माणसांऐवजी कागदांचे गठ्ठे भरले आणि वीज चालू करून ती दुसऱ्या मजल्यावर थांबण्यासाठी सोडली. ती दुसऱ्यावर थांबली नाही. पहिल्यावरही नाही. तळाच्या खड्ड्यात आदळली तेव्हा पायाखालची फरशी थरथरली. साहेब घाम पुसत कपाळावर हात ठेवून खुर्चीत बसले.

५. मुलाखत झालीच नाही. चार दिवसांनी आभाराऐवजी तक्रार आली, आणि आपण नाव वगळले. आपल्या कार्यालयाने फोनवर सुचवले की, माफीपत्र दिल्यास विचार करू. वहिनी माफीपत्र लिहायला बसलीही होती. "पोटासाठी दोन ओळी लिहिल्याने काय झिजतंय?" म्हणाली. पण 'माझी चूक झाली' या शब्दांशी पेन अडले ते अडलेच.

६. काल त्या मेकॅनिकच्या कंपनीने तिला तपासणीच्या कामासाठी बोलावले. तिथे मधल्या वर्षांविषयी कुणी विचारले नाही. एवढेच विचारले, "पोलिसांचं नाव काढल्यावरही दारातून हलला का नाहीत?" वहिनी म्हणाली, "आत माणसं बसणार होती." त्यांना आपल्या केंद्राचा वर्तणुकीचा दाखला सोमवारपर्यंत हवा आहे.

तरी विनंती की, नाव पूर्ववत घेऊन दाखला द्यावा. 'उमेदवार सूचना पाळत नाही' असे त्यात लिहिणे आपणास भाग असल्यास जरूर लिहावे, खाली सही करावी. फक्त कोणती सूचना आणि कोणत्या वेळी पाळली नाही, तेही पुढे लिहावे. बाकी त्यांचे ते समजून घेतील.

आपली नम्र,
उमेदवाराची नणंद
(सही)
दिनांक : ७ मार्च

सोबत : १. कंपनीच्या तक्रारीची प्रत. २. मेकॅनिकचे सहीनिशी निवेदन. ३. माफीपत्र, अपूर्ण.