कप खाली ठेवला त्याची हकिगत

सल्त, २० जून

आदरणीय मामा,

तुमच्या उजव्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावतो. कागदावरून जितकं जमेल तितकं. मामींनाही सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? अकब्याची उष्ण हवा त्याला मानवते असं तुम्ही ईदला म्हणाला होतात. मामी मात्र मागून म्हणाल्या की मानवते ती फक्त पत्त्यांच्या अड्ड्यापर्यंत चालत जायला. मामींची साखर आता किती असते? (माझ्या डायरीत नऊ एप्रिलला "मामींच्या साखरेची चौकशी करणे" असं लिहिलं आहे आणि त्यापुढे काम झाल्याची खूणही आहे. पण मी चौकशी केल्याचं मला आठवत नाही. खूण तिथे कशी आली हे कळेपर्यंत हीच पहिली चौकशी समजावी.)

फोन करायचा सोडून हा पत्र का लिहीत बसला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण असं की फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणता आणि तुमचा हाझिम फोन स्पीकरवर टाकतो. मग तुमच्या घरातली सहा माणसं आणि शेजारचा मासेवाला मिळून मला सल्ला देतात. मासेवाल्याचा सल्ला बहुतेक वेळा चांगला असतो, हे मी मान्य करतो. पण या वेळी मला सल्ला नको आहे. माझं ठरलं आहे. काय ठरलं ते क्रमाने सांगतो.

आई गेली त्याला दोन वर्षं होत आली. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणानंतर तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, घराबाहेर पड, नाहीतर भिंतीला बुरशी येईल आणि ती बुरशी तू असशील. मी ते शब्दशः उतरवून ठेवलं आणि पाळलंही. गेल्या थंडीत सुट्टीच्या दिवशी मी आपला देश पाहायला निघालो. एकोणीस वर्षं ज्या पेट्राबद्दल मुलांना शिकवलं ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. तिथे एका परक्या टोळक्यामागे उभा राहून त्यांच्या वाटाड्याचं बोलणं ऐकलं आणि त्याच्या चार चुका टिपल्या. मग फुकट ऐकल्याबद्दल वाईट वाटलं, आणि फुकट ऐकून वर चुका काढल्याबद्दल जास्तच वाईट वाटलं. घरी येऊन पुस्तक पाहिलं तर चौथी चूक माझी निघाली. (ती मी मुलांना एकोणीस वर्षं शिकवत होतो. आतापर्यंत किती मुलांना शिकवली असेल याचा अंदाज काढला आहे. आकडा इथे देत नाही.) अझरकला पाणथळीतले पक्षी पाहायला गेलो. त्या दिवसाची नोंद अशी: "पक्षी एक. दुर्बिणीतून पाहता प्लास्टिकची पिशवी." उम्म कैसला डोंगरावरून तबरियाचं सरोवर दिसतं म्हणतात. मला ढग दिसला. चांगला होता.

एवढा प्रवास करून मी घरी यायचो तेव्हा घर आहे तसंच असायचं. म्हणून काहीतरी जिवंत पाळावं असं ठरवलं आणि मार्चपासून अजलूनला दर शनिवारी भरणाऱ्या मधमाशीपालनाच्या वर्गात नाव घातलं. आता माझ्या गच्चीवर दोन पेट्या आहेत. तुम्हाला आठवत असेल, आपल्या उतारावर माझी गच्ची म्हणजे वरच्या उम्म बशीर यांचं अंगण. मधमाशी पोळ्यातून बाहेर पडली की थोडं उडून पोट मोकळं करते आणि तेव्हा पिवळे ठिपके पडतात, हे मला वर्गात सांगितलं होतं. ते ठिपके उम्म बशीर यांच्या पांढऱ्या चादरींवर पडतील हे सांगितलं नव्हतं. मी चादरी स्वतः धुऊन दिल्या. त्या म्हणाल्या, "बायको असती तर निदान चादर पिळायची कशी हे तरी कळलं असतं तुला." मी ती पुन्हा पिळून दिली.

वर्ग घेतात त्या रुदैना. वय एकेचाळीस, शेतकी खात्यात नोकरी. याआधी दोन मागण्या नाकारल्या आहेत, त्यांतली एक तो गृहस्थ मधात साखरेचा पाक मिसळायचा म्हणून. पहिल्याच दिवशी मी मधमाशांविषयी अकरा प्रश्न विचारले (लिहून नेले होते), तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, पेटी उघडा. त्या काय करतात ते बघा. परीक्षा तुमची आहे, त्यांची नाही." मला हे आवडलं. नंतरच्या शनिवारची नोंद अशी आहे: "आज र. यांनी माझ्या पेटीला धुरी देण्याची स्तुती केली." पुढच्या दिवशी तपासून मी ती दुरुस्त केली, कारण त्यांचे शब्द "या वेळी विझली नाही" एवढेच होते. मे महिन्यात माझी एक राणीमाशी मेली, तर त्यांनी काड्यापेटीएवढ्या जाळीच्या डबीत नवी राणी दिली आणि ती ऊब राहील अशी छातीपाशी खिशात ठेवून न्यायला सांगितली. बसमध्ये शेजारचा प्रवासी झोपेत त्याच बाजूला कलंडू लागला, म्हणून मी सल्तपर्यंत उभा राहून आलो. रात्री त्यांनी फोन करून विचारलं, राणी पोचली का. पोचली, म्हणालो. मग दोघांपैकी कुणीच फोन लवकर ठेवला नाही. हे मी लिहून ठेवलं आहे आणि यात दुरुस्ती केलेली नाही.

आता मुख्य गोष्ट. रुदैनांचे वडील अबू नायेल यांच्या बागेच्या भिंतीत जुन्या पद्धतीच्या, मातीच्या सहा नळ्या आहेत. पूर्वी मधमाशा अशाच पाळत. वडिलांच्याने आता होत नाही, तुम्ही जाऊन विचारा, देतील, असं रुदैना म्हणाल्या. मी एका शुक्रवारी दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर गेलो. मोठ्या माणसाच्या घरी जायचं म्हणून कोट घातला. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून मिठाईच्या दुकानातून दोन किलो कनाफा घेतला. नळ्या न्यायला गाडी हवी, म्हणून आमचे गणिताचे नबीहसर सोबत आले. त्यांची गाडी मोठी आहे. नबीहही मोठे आहेत, पांढऱ्या मिशा, हातात जपमाळ, आणि न बोलता बसण्याची एक भारदस्त पद्धत. हे सगळं एकत्र कसं दिसेल याचा विचार मी केला नाही. वाक्याच्या शेवटी टिंब हवं की नको याचा मी तासभर विचार करतो. याचा नाही केला.

अबू नायेल यांनी स्वतः उठून कडू कॉफी ओतली. तुम्हाला आपली रीत शिकवायची माझी लायकी नाही, पण माझा गुन्हा नीट मांडला जावा म्हणून लिहितो: मागणं घेऊन आलेला माणूस कप घेतो, समोर ठेवतो आणि पीत नाही. यजमान म्हणतो, प्या, ज्यासाठी आलात ते दिलं. मग तो पितो आणि गोष्ट पक्की होते. हे मला पाच वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. पण रमजाननंतर माझ्या पोटात आम्लाचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी कॉफी बंद केली. नको म्हटलं तर घराचा अपमान, म्हणून मी कप घेतला आणि समोर ठेवला. म्हटलं, थोड्या वेळाने नबीह पितील.

अबू नायेल यांनी कपाकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, कनाफ्याकडे पाहिलं, नबीहकडे पाहिलं. नबीह यांनी डोळे मिटले. (नंतर विचारलं तर म्हणाले, मला वाटलं तुला धीर झाला, मध्ये कशाला पडू.) मग अबू नायेल सावकाश म्हणाले, "पी मास्तर. ज्यासाठी आलास ते दिलं." सहाच्या सहा नळ्या, एका शब्दात. मला इतका आनंद झाला की पोटाची पर्वा न करता मी कप एका घोटात संपवला. तोच आतल्या खोलीतून बायकांनी लग्नघरी काढतात तो जीभ हलवत केलेला लांब, आनंदाचा आवाज काढला. आणि मामा, मी मनात म्हटलं, या घराचं आपल्या नळ्यांवर किती प्रेम आहे.

खरं काय झालं ते नबीह यांनी नळ्या न घेताच मला गाडीत बसवून परतीच्या वाटेवर सांगितलं: मी मुलीला मागणी घातली होती आणि होकारही घेतला होता. रुदैना त्या दिवशी पलीकडच्या गावात झाडावर बसलेलं मोहोळ उतरवायला गेल्या होत्या. संध्याकाळी मधमाशीचा पांढरा पोशाख घालून घरी आल्या, तर आत्या रडत होती आणि शेजारणी कनाफा खात होत्या. रुदैनांचा मला फोन आला.

"मास्तर, तुम्ही माझ्या वडिलांकडे काय मागितलंत?"

"नळ्या."

"आणि काय घेऊन गेलात?"

मी म्हणालो, काहीच नाही, नळ्या तिथेच राहिल्या. हे उत्तर चुकलं. त्या म्हणाल्या, कॉफीच्या एका कपावर मला कोणी देऊन टाकलेलं चालणार नाही, घेणारा बावळट असला तरी. उद्या जाऊन परत करा. मग काही मागायचं असेल तर आधी मला विचारा.

नबीह यांचं मत वेगळं होतं. "पन्नाशी जवळ आली, बाबा. घरबसल्या मिळालेली बायको परत करायला कोण जातं?" उम्म बशीर यांचंही तेच. शाळेतल्या चपराशाचंही. (त्याला कोणी सांगितलं हे मला माहीत नाही.) मी दोन दिवस डायरी घेऊन बसलो, कारण मला एक गोष्ट छळत होती: मी खरंच विसरलो होतो का? रीत माहीत असलेला माणूस, आवडत्या बाईच्या बापासमोर, नेमका कप खाली ठेवतो, हा पोटाचा दोष की माझा? मी "विसरलो" असं लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. शेवटी असं ठरवलं की उत्तर काहीही असलं तरी करायचं एकच आहे. चुकून मिळालेलं असेल तर परत द्यायचं. लबाडीने मिळालेलं असेल तर नक्कीच परत द्यायचं.

सोमवारी एकटा गेलो. कोट नाही, कनाफा नाही. कॉफी आली आणि मी ती हातात येताच प्यायली, इतक्या घाईने की अबू नायेल यांनी आणखी ओतली, तीही प्यायलो. मग सगळं सांगितलं. नळ्या, डॉक्टर, आम्ल.

अबू नायेल यांनी किटली खाली ठेवली. "म्हणजे माझी मुलगी तुला नको?"

"हवी आहे."

"मग चूक कसली झाली?"

"मी ती मागितली नव्हती. आणि तिला कोणी विचारलं नव्हतं."

ते उठले. मला वाटलं, काठी आणायला. पण ते खिडकीशी जाऊन बागेकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले की अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यांनी दिलेला शब्द परत घेतला नाही. पण घेणाराच परत आणून देत असेल तर दारातून हाकलतही नाही. "रीतसर ये. माणसं आण. या वेळी मी पोरीला विचारीन, आणि ती नाही म्हणाली तर तुला कॉफी न पिताच घरी जावं लागेल. आहे तयारी?" आहे, म्हणालो. नळ्या द्यायचा विषय निघाला नाही.

पुढच्या शनिवारी, वर्ग संपल्यावर, मी रुदैनांना विचारलं. सगळे शब्द पाठ करून गेलो होतो आणि पेटी उघडी होती. त्यांच्या तोंडावर जाळी, माझ्या तोंडावर जाळी. चेहरा कुणाचाच दिसेना. त्यांनी एक चौकट उचलली, उन्हात धरून पाहिली, परत ठेवली आणि म्हणाल्या, "माणसं घेऊन या. मग बघू."

बघू म्हणजे काय, असं मी विचारलं.

"बघू म्हणजे मी विचार करते आहे. तुम्हाला वाटतं तेवढा तो सोपा नाही. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस आहे, गच्चीवर दोन पेट्या, प्रत्येक गोष्ट लिहून ठेवतो." मग झाकण बसवता बसवता म्हणाल्या, "पण आलात परत करायला. तेवढं मी धरलं आहे."

तर मामा, तब्येतीची काळजी घ्या, मामींना औषध वेळेवर द्या, हाझिमच्या मुलांना माझ्याकडून एकेक मुका. येत्या रविवारी मध पाठवतो. लेबलावर "शुद्ध" लिहिलेलं नाही, कारण ते सांगावं लागू नये असं मला वाटतं.

तुमचा भाचा,
नझमी

ता. क. एक: अकबा ते अजलून फार लांब आहे आणि उत्तरेकडच्या रस्त्यांबद्दल तुमचं मत मला माहीत आहे. तरीही जुलैच्या दुसऱ्या शुक्रवारी मागणी घालायला माझ्या बाजूने पुढे बसायला तुम्ही यायचंच आहे. बाबा नाहीत, आई नाही. आईच्या जागी तुम्ही. हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच होतं, पेट्राशिवायही लिहिता आलं असतं.

ता. क. दोन: मोठ्या आदराने आठवण करून देतो की हाझिमच्या वेळी तुम्ही बोलायला तोंड उघडण्याआधीच कॉफी पिऊन टाकली, वर आणखी मागितली, आणि मुलीकडच्यांना वाटलं की मंडळी नुसती भेटायला आली आहेत. ते लग्न चार महिने लांबलं. या वेळी कप ठेवला की हात मांडीवर. वास आवडला तरी.

ता. क. तीन: त्या नाही म्हणण्याची शक्यता मी प्रामाणिकपणे अर्धी धरली आहे. तसं झालं तर अबू नायेल आपल्याला निरोप देतील, नबीह उठू लागतील. तुम्ही उठू नका. कप हलवू नका. मी बसून राहणार आहे, आणि मी एकटा बसलो तर ते बरं दिसणार नाही. सामान आठवड्याचं आणा.