टँकरच्या मागचा नंबर

आरटीओतले पासिंगवाले साहेब, जय भीम.

मी जया, दिग्रसजवळ उलटलेल्या अमोनियाच्या टँकरच्या ड्रायव्हरची बायको. वायू सुटला तव्हा लोकायनं टँकरच्या मागं लिहिलेल्या मदतीच्या नंबरवर फोन लावले. मालकानं तिथं ह्यायचाच नंबर टाकला होता. फोन मेलेल्या माणसाच्या खिशात वाजत राह्यला.

पासिंगले तुमी नंबर पाह्यला, लावून पाह्यला नाही. लावला असता तर हे तुमच्यासमोरच बोलले असते, "साहेब, मीच आहो."

मालकाच्या दुसऱ्या टँकरवरही तोच नंबर आहे. तो टँकर माहा दीर चालवते. त्याचं काम जाईन म्हणून हे पत्र टाकत नाही. ह्यायचा फोन मात्र चार्ज करून जवळ ठेवते. वाजला तर लोकायले पळा म्हणीन. पण तव्हा घरात जावेले काय सांगू?

जया