अर्धा वळसा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा तेच. दाराच्या फ्लॅटचा हुक सरळ!

चाळीस वर्षं सेट उभा करणारा माणूस. सगळं थिएटर बाबांना टेकूमास्तर म्हणतं. मी नऊ वर्षांची असताना त्यांनीच मला शिकवलं — फ्लॅट म्हणजे नुसती रंगवलेली भिंत, ती उभी राहते मागच्या टेकूवर. टेकूचं खालचं टोक स्क्रूने जमिनीत पक्कं करायचं. वरचा हुक फ्लॅटच्या कडीत घालायचा आणि मनगटाने अर्धा वळसा द्यायचा. पालथा झाला की लाकडाला पाठ लावून घट्ट बसतो. वळसा द्यायचा राहिला तरी हुक नीट बसल्यासारखाच दिसतो, पण दार जोरात आपटलं की निसटतो.

आणि दुसऱ्या अंकात आमच्या नायिकाबाई दार आपटून आत येतात. रोज. त्यालाच टाळ्या पडतात.

पडदा उघडायच्या आधी गुपचूप मागे गेले, वळसा दिला.

५ फेब्रुवारी, बुधवार

सरळ. वळसा दिला.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन प्रयोग. दोन्ही वेळा सरळ.

बारा टेकूंतले अकरा ठाकठीक आणि दाराचाच का चुकतो? कारण तो शेवटचा. तोवर ते थकलेले असतात, स्क्रू हातात धरून कुठेतरी बघत राहतात. "मी लावते" म्हटलं तर म्हणाले, "दाराचा टेकू माझा. त्याला हात लावायचा नाही." मग जरा वेळाने मला आईच्या नावाने हाक मारली. आई जाऊन सहा वर्षं झाली. मी ओ दिली. काय करणार?

९ फेब्रुवारी, रविवार

मॅनेजरांनी बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर बरे आहेत ना?" म्हटलं, चष्म्याचा नंबर बदललाय. धडधडीत खोटं.

खरं सांगितलं तर बाबा उद्यापासून घरी. घरी म्हणजे एक खुर्ची आणि समोर भिंत, तीही खरी, टेकू न लागणारी. महिनाभरात संपतील. नाही सांगितलं आणि एखाद्या दिवशी मी तिथे पोचलेच नाही तर? कुणाच्या तरी डोक्यात चौकट. दोन्हीकडून मीच अडकलेय. कुणाशी बोलायची सोय नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सरळ. दिला वळसा. आता बघावंही लागत नाही, हात आपोआप जातो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्रयोग नाही. बाबांच्या खिशात खडू सापडला. "हा कशाला?" तर म्हणाले, "असू दे. लागतो." मी चिडले — उद्या दगडगोटे भरा खिशात! त्यांनी खडू परत खिशात ठेवला आणि खिसा वरून दाबून बघितला, मी काढून घेईन अशा भीतीने. फार वाईट वाटलं. माफी मागायला हवी होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पडला.

दार आपटलं, टाळ्या सुरू झाल्या आणि टाळ्यांतच हुक निसटल्याचा टक् आवाज. मी विंगेत उभी. चौकट बाईंच्या खांद्यावर आली. हाड मोडलंय. डोकं थोडक्यात वाचलं. मी धावले तोवर बाबा माझ्याआधी पोचलेले, टेकूवर ओणवे झालेले.

पण मी वळसा दिला होता! तिसरी घंटा झाली होती, कपडेवाल्या मावशी मला हाका मारत होत्या, मी जाता जाता हात घातला आणि — दिला. नक्की दिला. मग?

मॅनेजरांनी सगळ्यांसमोर हुक दाखवला. सरळ. "हा कुणी लावला?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मी. माझा हात चुकला."

१६ फेब्रुवारी, रविवार

बाबांना येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांची जागा मला दिली. मी हो म्हटलं. ही अशी मी.

बाबा खुर्चीत. दिवसभरात एकदाच बोलले. "टेकूवाल्याचं नाव कधी निघू नये गं. निघालं म्हणजे काहीतरी पडलं." चाळीस वर्षांत काल पहिल्यांदा निघालं.

हात गेला असं मला नुसतं वाटलं असेल का? वळसा राहिला असेल का?

१७ फेब्रुवारी, सोमवार

टेकू आवरायला गेले. अकरा टेकूंवर हुकाच्या खाली खडूची खूण, गुरुजी वहीत करतात तशी, बरोबरची. बाराव्यावर, दाराच्या टेकूवर, नुसता पांढरट फराटा.

मावशींना विचारलं. "अगं, शनिवारी मास्तर दोनदा फिरले ना. दुसऱ्या खेपेला एकेक हुक चाचपून बघत होते, बरोबर असला की खूण करायचे. मला म्हणाले, पोरगी रोज माझ्यामागून फिरते, तिला वाटतं मला कळत नाही. आता माझं मीच तपासणार, तिच्या जिवाला घोर नको."

म्हणजे दाराचा तेवढा तपासायचा राहिला. राहिलाच असणार. खूण कुठेय त्यावर?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांचा शनिवारचा शर्ट धुवायला घेतला. उजव्या बाहीला खडू, मनगटापाशी, घासून पुसल्यासारखा.

खूण होती. टेकूवर ओणवे झाले तेव्हा बाबांनीच पुसली. हुक पालथा होता, बरोबर होता. मी न बघता वळसा दिला तेव्हा सरळ झाला.

शर्ट तसाच पिशवीत घातलाय. मॅनेजरांकडे निघाले.