शकूचा राखणदार

प्रिय शकू,

उद्या तुझी शोकसभा आहे आणि मुख्य वक्ता मी आहे. आयुष्यभर जाहीर सभांतून टिपणाशिवाय बोललो. आज पहिल्यांदा कागद पुढे ओढला, तर भाषणाऐवजी हे पत्रच उतरू लागलं. दमलोय गं. घसा नाही, मीच.

तुझी वही काल नलूने आणून दिली. तुझ्याच प्रयोगशाळेतली, तुझ्या शेजारच्या टेबलावरची नलू. पानापानावर तुझे जिवाणू, दुधातली साखर आणि मिनिटांचे आकडे. मे महिन्यात प्रयोगशाळेतल्या तुझ्या खोलीत तू मला बर्फ फोडायला लावलंस, आठवतं? "जगात जिवाणूंच्या नळ्या ठेवाचं हे पाणी सदतीस डिग्रीवर तापवतात गा दादा, नागपुरात थंड करा लागते!" रसवंतीवाल्याकडून गोणपाटात बांधून आणलेला बर्फ तो!

आई म्हणायची, "पीएच.डी. झाली तरी शिकूनच राहिली का वं?" तू नुसती हसायचीस.

जिवाणूच्या जनुकावर एक प्रथिन बसून असतं आणि साखर येईपर्यंत काम सुरू होऊ देत नाही. ते किती घट्ट धरतं, किती वेळात सोडतं, एवढंच तू वर्षानुवर्षं मोजलंस. इंग्रजी नावावरून मी त्याला 'दडपणारा' म्हटलं आणि सभेत गरजलो, "जिवाणूसुद्धा दडपशाही उलथून टाकतो!" काय टाळ्या पडल्या!

दुसऱ्या दिवशी तुझे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमच्या जिवाणूंनी मोर्चा काढला म्हणे!"

तू घरी आलीस. चिडली नव्हतीस, तेच जास्त लागलं. "त्याले कोणी उलथत नाही गा. साखर आली का तो आपणहून बाजूला होते. कांडीतलं सूत सरलं का आपला बा विणता विणता माग थांबवे, तो काय दडपत होता? राखत होता. तू दडपणारा काहून म्हणतं त्याले? पुढच्या सभेत सांगशील ना?"

"सांगतो," म्हणालो.

नाही सांगितलं. उमरेडला तेच वाक्य, कळमेश्वरला तेच. टाळ्या हमखास होत्या ना! ऐन कामात तुला कावीळ झाली, ती उतरलीच नाही. दवाखान्यातही तू विचारलंस, "सांगितलं का गा?" मी म्हणालो, "हो." तू डोळे मिटलेस. खोटं ओळखलं होतंस का गं? एकदा तरी भांडायचं होतंस!

वहीत तू त्या प्रथिनाचं इंग्रजी नाव कुठेच लिहिलेलं नाहीस. सगळीकडे एकच शब्द, राखणदार.

उद्या श्रद्धांजलीचं भाषण होणार नाही. उभा राहीन आणि म्हणेन, ते वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे मला माहीत होतं. टाळी पडणार नाही, न पडो. मग वही नलूच्या हातात देईन. तुझं काम ती सगळ्यांना वाचून दाखवेल, आणि मी माईकपासून बाजूला होईन. आपणहून.

तुझा, उशिरा ऐकणारा
दादा