पाठीवरची चिकटपट्टी

अण्णा, आज तुमची नात माझ्यावर ओरडली. माझा फोन सहा वर्षांचा झालाय, बॅटरी फुगून काच एका कडेने वर आलीये. दुपारी तो बंद पडला. ती हिंजवडीच्या ऑफिसातून दोन तास मला फोन लावत होती, शेवटी काम टाकून घरी आली. मी आपली मेथी निवडत बसलेली. धापा टाकतच तिने स्वतःचा फोन पुढे केला. म्हणाली, मी नवा घेते, हा तू वापर, चांगला चालतोय.

हेच सांगून मी माझा जुना फोन तुम्हाला दिला होता. हडपसरच्या कारखान्यात मशिनवर तारीख लिहायची तुमची सवय, ती तुम्ही घरी आणलीत. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, सगळ्यांच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी आणि घरात आल्याची तारीख. कोणी बदलायचं नाव काढलं की वस्तू उलटी करायची, तारीख वाचायची आणि म्हणायचं, चालतंय ना, मग चालवा. एकदा पाहुण्यांसमोर मला असं ऐकवलंत, की मान वर करायची सोय राहिली नाही. तर त्या फोनलाही तुम्ही पट्टी लावलीत, तुमच्या हातात आला त्या दिवसाची. मी तो आधी चार वर्षं वापरला होता, पण तुमच्या लेखी कोरा करकरीत.

दोन वर्षांनी एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात. जन्मात कधी काही मागितलं नाहीत, त्यामुळे सुरुवात कशी करावी तेच कळत नाहीये. तीस टक्के दाखवतो आणि पटकन बंद पडतो, म्हणालात. बदलावा का गं? मला डब्याची घाई. पिठाचे हात पुसले, फोन उलटा केला, पट्टी वाचली.

"दोनच वर्षं झाली की अण्णा. चालतंय ना? मग चालवा."

तुम्ही हसलात. "बरोबर आहे," म्हणालात आणि फोन खिशात घातलात. जिरवली एकदाची, असं वाटलं मला. आज लिहितानाही लाज वाटते.

महिन्याभरात तुम्ही बसस्टॉपवर कोसळलात. तिथल्या एक बाई नंतर भेटल्या. आजोबा शुद्धीत होते, म्हणाल्या, सारखा फोन पुढे करत होते, पण तो सुरूच होईना. माझा नंबर तुम्हाला पाठ नव्हता. मी पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांना लवकर आणलं असतं तरी काही उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही.

तेव्हापासून मी फोन मरेपर्यंत वापरते. वडिलांचं वळण, असं लोकांना सांगते. खरं म्हणजे तुम्हाला नाकारलेली वस्तू स्वतःसाठी घ्यायचा धीर होत नाही. पण आज दारात लेकीचा चेहरा पाहिला. म्हटलं, तुझा राहू दे, रविवारी दुकानात जाऊन माझ्यासाठी नवा घेऊ.

ती गेल्यावर कपाटातून तुमचा फोन काढला. पट्टी पिवळी पडलीये, अक्षर मात्र ठसठशीत आहे. त्याखाली मी पेनने खरं साल लिहिलं, चार वर्षं आधीचं. आठवावं लागलं नाही, अण्णा. त्या सकाळीही ते मला पाठ होतं.