अवकाशातून आलेला डबा आणि माझी मांडी

नवागाम, सुरत

ती. अक्का,

तुझ्या पायांना नमस्कार, दुखऱ्या गुडघ्याला वेगळा. आम्ही बरे आहोत. घाबरलेले आहोत, पण बरे आहोत. (अक्षर वेडंवाकडं दिसेल. खालच्या मजल्यावर कापडाचे लूम चालतात, अख्खी खोली हादरते.)

तुझी भाची धनश्री औषधांच्या कंपनीत आहे, ठाऊकच आहे. त्यांनी कसल्याशा प्रथिनाचे स्फटिक अवकाशात वाढवले. इथे वजनामुळे ते वाकडेतिकडे होतात म्हणे. वर वजनच नाही, म्हणून सुबक होतात. त्यांची घडण नीट दिसली की त्यावर नेमकं बसेल असं औषध शोधता येतं. रोग कुठला, तर हात थरथरतात तो, कंपवात. (म्हातारपणचा रोग. आपल्याला काय करायचंय!)

तर मंगळवारी ते स्फटिक डब्यात बसून परत आले आणि विमानतळावरून कंपनीत नेताना गाडी आमच्याच वळणावर पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत उन्हात नको म्हणून धनश्री डबा घेऊन घरी आली. दारातच तुझ्या भावजयीने, मंगलाने, भाकरतुकडा ओवाळला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं (ओतायचं पायांवर, पण डब्याला पाय कुठले?). पोरगी किंचाळली. मंगला म्हणते, "इतला दूरथीन येल शे, तसाच घरमा लेवाना का?"

धनश्री फडकं शोधायला धावली. जाताना बजावून गेली, डबा हलवू नका; बाजूच्या पांढऱ्या टिकलीला धक्का कळतो, ती लाल होते, मग माल बाद. मी शहाणा! जमीन हादरते म्हणून डबा उचलून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला. (तीस वर्षं लूमवर तुटले धागे जोडले, हातांवर माझा भरवसा.) पोरीचं चार वर्षांचं काम माझ्या मांडीवर! अक्का, एवढा मी जन्मात घाबरलो नव्हतो. ती आली तेव्हा टिकली लाल झाली होती. मी लूमवाल्यांना शिव्या दिल्या. ती नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली.

तिची नोकरी जाते की काय, या धास्तीने दोन दिवस घास उतरलेला नाही.

तुझा,
शालिग्राम

ता.क. आताच फोन आला. टिकली लाल झाली तरी तपासणीत स्फटिक शाबूत निघाले, नोकरीही शाबूत. मंगला म्हणते, भाकरतुकड्याने वाचले.

आणखी ता.क. धुळ्याच्या त्या नसांच्या डॉक्टरकडे माझा नंबर लावून ठेव. धनश्रीला सांगू नकोस. (तिला कळलंय, पण मी सांगितलेलं नाही.) खालचे लूम दिवाळीपासून बंद आहेत.