मोटारींची तीनशे बारा पुस्तके आणि एक पत्र्याचा डबा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, सध्या निवृत्त, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र राहत्या घरी पुस्तकांच्या खोलीत बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. छातीच्या डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट "बाबा, आत्ताच कशाला हे?" असे म्हणत मुलगा आणि सून मला चार वेळा टेबलावरून उठवून गेले. वकिलांनी छापील मसुदा दिला होता. पण मला जे सांगायचे आहे त्यासाठी त्यात रकाना नव्हता, म्हणून हाताने लिहीत आहे. अक्षराला हसू नये.

कलम १. राहते घर माझ्या मुलाला आणि सुनेला मिळून द्यावे. त्यांनी माझे आजारपण कुरकुर न करता काढले. मागची खोली मोठी करायची त्यांची फार दिवसांची इच्छा आहे आणि त्या खोलीत माझी पुस्तके आहेत, म्हणून ते बोलत नाहीत. मी गेल्यावर भिंत खुशाल पाडावी.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे.

कलम ३. माझी शिलाईची चौकट, प्रेस, सुया आणि खळीचे पातेले हे सगळे शिलाईवाल्या बाईंना द्यावे. सव्वीस वर्षे त्या माझ्या समोरच्या स्टुलावर बसून फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवत होत्या आणि माझ्यापेक्षा चांगले शिवत होत्या. हे मी त्यांना कधी सांगितले नाही. कटिंग मशीनही त्यांनीच न्यावे, पण त्याचे मोठे पाते काढून भंगारात घालावे. नवे पाते घेता येईल एवढी रक्कम माझ्या पैशातून द्यावी. कारण कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. आता पुस्तके. जुन्या स्पोर्ट्स गाड्या आणि मोटारींच्या शर्यती या एकाच विषयावरची तीनशे बारा पुस्तके माझ्याकडे आहेत. शर्यतींचे वार्षिकांक, गाड्यांचे चित्रग्रंथ, चालकांच्या आठवणी, इंजिनांचे आडवे छेद असलेली जाडजूड पुस्तके, सगळी रद्दीवाल्यांकडून आणि लिलावांतून एकेक करून जमवलेली. माझ्याकडे गाडी कधीच नव्हती. मला चालवताही येत नाही. गल्लीत मला 'बिनगाडीचे साहेब' म्हणत, ते मला ठाऊक होते. म्हणोत. चोवीस तासांच्या शर्यतीत पहाटे चारला कोणत्या गाडीचा गिअरबॉक्स गेला हे त्यांच्यापैकी एकाला सांगता आले असते का?

यातले पहिले पुस्तक माझे नाही. एका डॉक्टरांनी कणा तुटलेला वार्षिकांक बांधायला दिला आणि ते परत न्यायला आलेच नाहीत. वाट बघत मी तो वाचला, आणि तिथून हे सगळे लागले. डॉक्टरांच्या वारसांना शोधून तो परत करावा. डोंगरी शर्यतींचे निळ्या वेष्टनाचे पुस्तक माझ्या मेहुण्याने आठ दिवसांसाठी नेले होते, त्याला एकवीस वर्षे झाली. ते त्याला मृत्युपत्राने बहाल करतो, म्हणजे निदान या घरात मान वर करून येईल.

कलम ५. बाकीची सर्व पुस्तके माझ्या मुलीला द्यावीत. ती दुसऱ्या शहरात स्वतःचे गॅरेज चालवते. एकोणीस वर्षांत ती या घरी फक्त तिची आई गेली तेव्हा आली, चार दिवस राहिली आणि पुस्तकांच्या खोलीत तिने पाऊल टाकले नाही. ती पुस्तके घेईल की नाही हे मला माहीत नाही. पण का घेणार नाही ते मला माहीत आहे, आणि ते मला इथे लिहून ठेवायचे आहे.

ती लहानपणी माझ्या शेजारी बसून ही पुस्तके बघायची. बारा वर्षांची असताना तिने लाल दोनआसनी गाडीचा एक फोटो दाखवून म्हटले, "बाबा, हा फोटो उलटा छापलाय. हिचा सायलेन्सर उजवीकडे असतो, इथे डावीकडे आहे."

मी म्हणालो, "एवढं मोठं पुस्तक छापणारे लोक काय डोळे मिटून छापतात?"

"त्या माणसाच्या शर्टाची बटणं बघा ना. बायकांच्या शर्टासारखी लागलीयेत."

"पुस्तक चुकत नाही. तू चुकतेस," मी म्हणालो आणि पुस्तक मिटले.

त्यानंतर ती मला काही दाखवेनाशी झाली. ती समोरच्या गॅरेजमध्ये जाऊ लागली, आणि जे मला सांगायचे ते पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने लिहू लागली. बाण काढून 'हे चूक', 'हे बघितलं, बरोबर आहे', 'असा आवाज येत नाही' असे काहीबाही. सोबत तिच्या अंगठ्याचे काळे ठसे. पाच वर्षे हे चालले होते आणि मला पत्ता नव्हता. ज्या दिवशी कळले त्या दिवशी माझे डोके फिरले. ती परीक्षेसाठी मावशीकडे गेली होती. मी एकेचाळीस पुस्तके दुकानात नेली, उसवली आणि कटिंग मशीनखाली घालून तिन्ही कडा दोन दोन बोटे छाटल्या. कडा मळल्या होत्या असे मी सगळ्यांना सांगितले. ते खोटे होते. तिचे अक्षर जाईल आणि छापील मजकूर वाचेल, एवढे मोजूनच मी छाटत होतो, तरी पुष्कळ ठिकाणी अर्धे अक्षर पानावर राहिलेच.

ती परत आली, कपाट उघडले, दोन-तीन पुस्तके चाळली. मी दारात उभा होतो. "छान झालीत पुस्तकं, बाबा," एवढेच म्हणाली आणि हात धुवायला गेली. ती भांडली असती तर मला सुटल्यासारखे वाटले असते. पुढे पाच वर्षे ती याच घरात राहिली आणि एकाही पुस्तकाला तिने हात लावला नाही. मग नोकरी लागली आणि गेली.

मी गॅरेजवाल्यांशी वैर धरले. त्यांनी माझी मुलगी पळवली असे मी चारचौघांत म्हणत असे. त्यांची सून बाळंत झाली तेव्हा त्यांनी आणून दिलेली मिठाई मी परत पाठवली होती. आमची ही गेल्यावर ते येऊन बसले आणि मला म्हणाले, "तुमची पोर माझ्याकडे गाडी शिकायला येत नव्हती हो. बाबांच्या पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे का, एवढं बघायला यायची. बघितलं की पळत घरी."   ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात. म्हणून त्यांना फक्त माझी माफी लिहून देतो. माफीला वकिलांची हरकत नाही.

कलम ६. एक जाहीर निवेदन. ती गेल्यानंतर सातव्या वर्षी एका लिलावात मला दुसरे एक पुस्तक मिळाले. त्यात त्याच लाल गाडीचा तोच फोटो आहे. सायलेन्सर उजवीकडे आहे आणि शर्टाची बटणे पुरुषांसारखी आहेत. तरी मी, पूर्ण शुद्धीत आणि दोन साक्षीदारांसमक्ष, असे लिहून देतो की आधीच्या पुस्तकातला फोटो उलटा छापलेला आहे. माझी मुलगी बरोबर होती. मी चूक होतो. हे कळूनही बारा वर्षे मी तिला कळवले नाही, हा माझा दुसरा आणि मोठा गुन्हा आहे.

कलम ७. पत्र्याचा डबा. हा माझ्या बायकोच्या शिवणयंत्रामागे, ती गेल्यानंतर, मला सापडला. वर जुनी लेस होती आणि खाली कागदाच्या पट्ट्या, दोनशे चौदा. मी कडा छाटल्या त्या दिवसांत ती मला जेवणाचा डबा द्यायला दुकानात यायची आणि जाताना कातरणाचे पोते घेऊन जायची, बंब पेटवायला म्हणून. कोऱ्या पट्ट्या तिने जाळल्या. ज्यांच्यावर लेकीचे अक्षर होते त्या ठेवल्या.  माझ्या हाताखाली सगळे जग शिस्तीत राहावे असे मला वाटे, आणि ही बाई माझ्या पाठीमागे पोत्यात हात घालून ते वेचत होती.

गेली तीन वर्षे मी त्या पट्ट्या परत जागच्या जागी लावत आहे. बहुतेक ठिकाणी अक्षर मधोमध कापले गेले होते, अर्धे पानावर आणि अर्धे पट्टीवर. काना जुळला, वेलांटी जुळली, की पातळ टिश्यू आणि खळ लावून पट्टी चिकटवायची. दिवसाला एखादीच व्हायची. पुस्तके आता कडेला फुगली आहेत, नीट मिटत नाहीत. माझ्या धंद्यातला कोणीही याला काम म्हणणार नाही. आयुष्यात मी एवढे मन लावून दुसरे काही केले नाही.

मुलाने ही पुस्तके पार्सलने पाठवू नयेत. स्वतः घेऊन जावे. ती नको म्हणाली तर आग्रह करू नये, माझी बाजू मांडू नये. पुस्तके कुठल्याही वाचनालयाला द्यावीत. डबा मात्र तिच्याजवळ ठेवूनच यावे.

कलम ८. कारण डब्यात एक पट्टी शिल्लक आहे. दोनशे तेरा लागल्या, ही लागत नाही. हिच्यावरचे अक्षर अख्खे आहे, कुठे कापलेले नाही, त्यामुळे जुळवायला काही नाही. त्या एकेचाळीस पुस्तकांच्या प्रत्येक पानाला मी ती लावून पाहिली. पट्टीवर पानाच्या दिशेने एक बाण आहे आणि लिहिले आहे, 'हे बाबांना विचारायचं.'

फोन करून विचारा, असे सून म्हणते. मी मुलीला दोनदा फोन लावला. "तब्येत कशी आहे?" असे तिने विचारले, "बरी आहे, तुझी?" असे मी विचारले, आणि दोघांनी ठेवला. फोटो उलटा छापलाय असे बारा वर्षांच्या पोरीला सांगता येते, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला एवढे विचारता येत नाही.

तरी ही पट्टी मी न चिकटवता तिच्या हवाली करतो. तिची जागा तिलाच ठाऊक असेल. तिला काय विचारायचे होते ते मला कळणार नाही. पण तिने विचारायचे ठरवले होते, आणि मलाच विचारायचे ठरवले होते, एवढे मला कळले आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, ती माझीच आहे.

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ जानेवारी, सकाळी अकरा

(सही)
मृत्युपत्र करणारा, पुस्तकबांधणीवाला

साक्षीदार १: (सही) छातीचे डॉक्टर. सही करतेवेळी मृत्युपत्र करणारे पूर्ण शुद्धीवर होते. मध्ये एकदा थांबून पाणी प्यायले.

साक्षीदार २: (सही) समोरचे गॅरेजवाले. माफी मिळाली. कलम ८ मधली पट्टी मी हातात घेऊन पाहिली. अक्षर तिचंच आहे. ती पुस्तकं पोचवायला मुलाबरोबर मीही जाईन.